शहराचा विकास आराखडा: हरकतीच्या आधी आपल्याला कोण विचारणार? (सांगली-मिरज-कुपवाड)

आयर्विनखाली
मंडळी, लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

माझी बहीण ज्या गावात दिलीय (नाव घेत नाही, तिला तिथं राहायचंय) तिथं शहराचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायला घेतलाय. तिच्या सासऱ्यांच्या नावानं छापील पत्र आलं, "भागधारकांच्या सल्लामसलत बैठकीस उपस्थित राहावे." सासरे ८१ वर्षांचे, साखर कारखान्याचे जुने सभासद. इस्त्रीचा सदरा, टोपी घालून तयार. त्यांना वाटलं लाभांशाचं काहीतरी असणार. मी पाहुणा म्हणून गेलेलो, गेलो त्यांच्यासोबत.

मंगळवार, सकाळी अकरा. सभागृहात पडद्यावर नकाशा, वर ट्यूबलाइट चालू, त्यामुळं निम्मा नकाशा पांढराफटक. रस्त्यांची नावं मुंग्यांएवढी. सल्लागार कंपनीची मुलं पुण्याहून आलेली, नम्र होती, पण चाळीस मिनिटं जे बोलली त्यातलं निम्मं इंग्रजी. मग "प्रत्येकी दोन मिनिटं". आधी आजी-माजी पदाधिकारी बोलले, मग डॉक्टर, मग बांधकामवाले, मग एक मुख्याध्यापक. मागच्या खुर्चीवर एक भाजीवाली मावशी होती, कुणीतरी आग्रहानं आणलेली. तिची पाटी दाराबाहेर ठेवलेली आणि शिपाई सारखा येऊन "ती पाटी बाजूला घ्या" म्हणत होता. ती दोनदा उठून गेली, तिसऱ्यांदा गेली ती परत आलीच नाही.

सासऱ्यांची पाळी आली. ते म्हणाले, "या नकाशात आमचा ओढा कुठाय?" मुलानं माऊस इकडंतिकडं फिरवला आणि म्हणाला, "सर, तो लेयर आज लोड केलेला नाही." लोक हसले. साडेबाराला आभार, भडंग, चहा, हजेरीपटावर सह्या.

म्हातारा घरी येईपर्यंत गप्प. जेवताना एवढंच विचारलं, "लेयर म्हंजे काय रं?"

माझा प्रश्न आपल्या गावाबद्दल आहे. आराखडा कधी ना कधी सुधारायला घेतला जाणारच. तेव्हा कुणाला बोलवावं, कधी बोलवावं, आणि काय विचारावं? आमच्या गल्लीतल्या पोरांनी मिळून आधीच एक टिपण तयार करायचं ठरवलंय. म्हणून हा धागा.

कुपवाडी
अकरा वाजता मी मशीनवर असतो भावा. एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीचा माणूस तीनला सुटतो, जनरलचा साडेपाचला. अकराची बैठक म्हणजे कामगार नको, असं स्वच्छ लिहा की पत्रात.

आणि धाग्याच्या नावात पण कुपवाड शेवटीच!

आयर्विनखाली
महापालिकेचं नावच तसं आहे मर्दा, १९९८ पासून. माझ्यावर का?

जुना_आरेखक
मी नगररचनेत आरेखक म्हणून नोकरी केली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कुठल्या कार्यालयात ते राहू द्या. ट्रेसिंग क्लॉथवर रॉट्रिंग पेननं रेघा मारण्याच्या काळातला माणूस. पिवळा म्हणजे निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, तांबडा सार्वजनिक, हिरवा मोकळ्या जागा. हे रंग अजून स्वप्नात येतात.

काम कसं चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठं शिरायचं ते कळेल. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कलम २३ खाली महापालिका आराखडा करण्याचा किंवा सुधारण्याचा इरादा जाहीर करते. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते, त्यावर सूचना-हरकती मागवतात. मग कलम २५, म्हणजे जमिनीचं सर्वेक्षण आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा. आज कुठं काय आहे त्याचा नकाशा. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा प्रस्ताव मांडतात आणि कलम २६ खाली प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रसिद्ध करतात. पुन्हा सूचना-हरकती. त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढं होते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. शेवटी सगळं शासनाकडं, कलम ३१ खाली मंजुरीला. वीस वर्षांतून किमान एकदा सुधारणा, कलम ३८.

आता मेख. लोकांना विचारायची कायदेशीर पायरी मुख्यतः दोन ठिकाणी आहे. पहिल्या वेळी समोर नकाशाच नसतो. "आराखडा करणार आहोत" एवढ्यावर माणूस काय बोलणार? त्यामुळं ती नोटीस कुणी वाचत नाही. दुसऱ्या वेळी नकाशा असतो, पण रेघा मारून झालेल्या असतात. मग प्रत्येकजण आपला सर्व्हे नंबर शोधतो. माझ्या प्लॉटवरचं आरक्षण (म्हणजे बाग, शाळा असल्या कामासाठी जागा राखून ठेवणं) काढा, माझ्या घरावरून रस्ता नको, माझं शेत पिवळ्यात घ्या. त्यात चूक काही नाही, पण ते हरकतीचं बोलणं झालं. गावाबद्दलचं बोलणं त्यात येत नाही. सुनावणीला माणूस फाइल घेऊन येतो, पाच मिनिटांत उठतो.

मधली पायरी, सर्वेक्षणाची, तिथं लोकांना विचारायची सक्ती नाही. मनाईही नाही. आणि सगळी माहिती घालायची जागा तीच आहे. त्या टप्प्यावर ओढा चुकला तर पुढं कुणाचा बाप तो बरोबर करू शकत नाही, कारण पुढचा माणूस त्या नकाशालाच खरं धरून चालतो. बहिणीच्या सासऱ्यांनी नेमकी दुखरी नस पकडली होती.

पाणी_पाणी
हे सगळं ठीक आहे पण मूळ प्रश्न कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा आहे. तिथली पाणीपातळी जोपर्यंत

व्यवस्थापन
अलमट्टीचा धागा वेगळा आहे, २४० प्रतिसादांचा. आपला प्रतिसाद तिकडं हलवला आहे. इथं आराखडा आणि लोकांचा सल्ला एवढ्यावरच बोलू.

श्यामरावनगरची
मी वाचतच असते, लिहीत नाही. पण "माझा प्लॉट" म्हणालात ना काका, म्हणून लिहिते.

आमच्या सासऱ्यांनी दोन गुंठे घेतले तेव्हा इथं शेतच होतं. काळी माती. आमच्या घरामागं अजून त्या शेताची दगडी विहीर आहे. प्लॉट पाडणाऱ्यानं कागदावर रस्ता दाखवला होता वीस फुटी, प्रत्यक्षात बैलगाडी जाईल एवढाच. सात-बारावर नावं सामाईक. २००१ चा गुंठेवारी कायदा आल्यावर असले प्लॉट नियमित करून घ्यायला सासऱ्यांनी पैसे भरले, पावत्या पिशवीत आहेत. सांगायचा मुद्दा, आमच्यासारख्यांना कुठं बोलवायचं झालं तर पहिला प्रश्न येतो "मालकीचा पुरावा?" मग बाई गप्प बसते. आमच्या गल्लीत निम्मे भाडेकरू आहेत, त्यांचं तर नावच कुठं नाही. पाणी मात्र मालक आणि भाडेकरू बघून घरात येत नाही.

आमच्याकडं भिंतीवर खुणा आहेत. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर सासऱ्यांनी २००५ ची खूण खिळ्यानं कोरली होती. २०१९ ची मी निळ्या ऑइलपेंटनं केली, ती तिच्या वर. २०२१ ची मुलानं स्केचपेननं केली, ती पुसट झालीय पण दिसते. आणि एक खूण अशी आहे की त्या वर्षी नदीला पूरच नव्हता! नुसता रात्रभर पाऊस झाला, सकाळी पलंगाखाली पाणी. ते नदीचं नव्हतं. नाल्यातून उलटं आलेलं होतं, वास येत होता.

हे कोण विचारायला आलं तर मी सांगीन. पण सभागृहात माइक हातात घेऊन नाही जमणार मला.

काँक्रीट
मी स्थापत्य अभियंता आहे, बांधकामाच्या धंद्यात आहे, त्यामुळं आधीच शिव्या देऊन घ्या.

ताईंचा मुद्दा मान्य, पण एक गोष्ट स्पष्ट करतो. पूररेषा लोकांना विचारून ठरत नाही. ती जलसंपदा विभाग विसर्गावरून काढतो. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल यांच्यामध्ये अटींवर. उद्या जनसुनावणीत बहुमतानं रेषा सरकवा म्हटलं तर कसं चालेल? तुम्ही अलीकडं सरकवा म्हणाल, ज्यांचे प्लॉट आत येतात ते पलीकडं सरकवा म्हणतील. आणि दुसऱ्यांचा आवाज मोठा असतो, हे मी जवळून बघितलंय.

आयर्विनखाली
रेषा मतदानानं नको, कबूल. पण शंभर वर्षांचा हिशेब सांगलीकराला सांगू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ ला पाणी ५३ च्या पुढं गेलं. २०१९ ला ५७ च्या पुढं. २०२१ ला परत ५४ च्या वर. सोळा वर्षांत तीनदा! माझ्या पोराला पाढे येत नव्हते तेव्हापासून "आज किती फूट?" हे येतंय.

काँक्रीट
"शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ कुठल्याही एका वर्षी तो पूर यायची शक्यता शंभरात एक, असा असतो. एकदा आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असं नाही. शिवाय तो हिशेब जुन्या नोंदींवरचा, पाऊस बदलला की हिशेबही बदलावा लागतो.

पण ताई जे म्हणाल्या, नदीला पूर नसताना नाल्यातून उलटं आलेलं पाणी, ते कुठल्याच पूररेषेत येत नाही. पूररेषा नदीची असते. नाल्याच्या तोंडाशी पाण्याला पुढं जायला जागा नसली की मागं कुठंवर फुगतं, हे नकाशात असं कुठंच नसतं. ते फक्त तिथं राहणाऱ्याला माहीत. तेवढ्यापुरतं मी माझं बोलणं मागं घेतो.

जुना_आरेखक
आता गाडी रुळावर आली. रेषा तज्ज्ञांनीच काढावी. पण पाणी कुठं किती चढलं ही नोंद आहे, ते मत नव्हे. भिंतीवरची खूण ही मोजणीच आहे. फक्त ती कुणी उतरवून घेत नाही.

पेठेतला
गणपती पेठेत आमचं दुकान आहे, तिसरी पिढी. खरं सांगायचं तर आम्हाला बोलावतात. व्यापाऱ्यांना नेहमीच बोलावतात, चहा चांगला असतो. पण आमच्यातून कोण जातं? तेच पाच जण. आणि पाचजण काय मागतात? पार्किंग. मीही तेच मागितलं असतं.

पण २०१९ नंतर माझं मत बदललं. आम्ही माल माळ्यावर चढवला, पाणी माळ्याला लागलं. तेव्हा दुकान वाचवलं ते हमालांनी. त्यांना माहीत होतं कुठल्या बोळातून पाणी आधी शिरतं, कुठला रस्ता सगळ्यात शेवटी बुडतो, टेम्पो कुठंवर आणता येतो. माझे वडील पेठेत पन्नास वर्षं बसले, पण गल्ल्यावर बसले. हमाल पाठीवर पोतं घेऊन प्रत्येक चढउतार चालतो, त्याच्या गुडघ्याला कळतो उतार. त्याला आजवर कुठल्या आराखड्याच्या बैठकीला बोलावलेलं मी तरी ऐकलं नाही.

तंबोरा
मिरजेहून. आमची सतारी-तंबोऱ्यांची गल्ली तुम्हाला माहीत असेलच, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळे फोटो काढायला आलेले.

आरेखककाकांच्या रंगांवरून आठवलं. कधीतरी एक पोरगा पॅड घेऊन पाहणीला आलेला. दारात उभा राहून विचारतो, "घर की दुकान?" अब्बा आत भोपळा तासत बसलेले, मागं अम्मी भाकरी करत होती, वरच्या गच्चीवर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत पडलेले, जिन्याखाली लाकूड, आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाईक तारा लावून बघतंय. अब्बा म्हणाले, "दोन्ही." पोरगा म्हणाला, "एकच लिहायचंय." अब्बा म्हणाले, "मग तूच ठरव." त्यानं काहीतरी लिहिलं आणि गेला.

आता त्याने "घर" लिहिलं असेल तर कारखाना बेकायदा, "दुकान" लिहिलं असेल तर आम्ही राहतो कुठं? भोपळा वाळवायला ऊन लागतं. शेजारी सहा मजली उभी राहिली की ऊन गेलं. हे कुठल्या रंगात दाखवणार, सांगा काका.

जुना_आरेखक
संमिश्र वापर दाखवायची सोय असते. तिरप्या रेघा मारतात. पण मारणाऱ्याला दारात पाच मिनिटं जास्त उभं राहावं लागतं, आणि त्याला दिवसाला इतकी घरं उरकायची असतात. मी त्या जागी होतो, त्यामुळं त्या पोराला शिव्या देणार नाही.

तंबोरा
शिवी नाही काका. अब्बांनी त्याला चहा दिलेला.

आणि अजून एक. मिरजेत रोज उतरणाऱ्यांत किती लोक मिरजेचे नसतात ते स्टेशनावर बघा. अथणी, रायबाग, चिकोडीकडून दवाखान्याला येतात. मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉन्लेस डॉक्टरांच्या काळापासून येताहेत. पेशंट आत, नातेवाईक बाहेर फुटपाथवर चार-चार दिवस, स्वयंपाक तिथंच, कपडे कुंपणावर. गावाचं निम्मं अर्थकारण त्यांच्यावर. त्यांचं मत इथं नाही, घर इथं नाही, म्हणून ते कुणाच्याच यादीत नाहीत. त्यांना विचारायचं असेल तर कन्नडमधून विचारावं लागेल.

हळद_हरिपूर
आम्ही तर तुमच्या हद्दीतच नाही, ग्रामपंचायत आहे आमची. पण सांगलीचं जे काही नदीत जातं ते आमच्या दारावरून संगमाला जातं. शेरीनाल्याचं पाणी आम्ही वासावरून ओळखतो.

आमच्याकडं हळदीची पेवं आहेत. नवीन लोकांसाठी सांगतो, जमिनीखालचं कोठार, वर तोंड लहान, आत खोली मोठी. इथली माती अशी की आत ओल धरत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ ला पाणी पेवांत शिरलं, अतोनात नुकसान झालं. तेव्हापासून पेवं कमी कमी होत गेली. नकाशात ती दिसत नाहीत, कारण वरून बघितलं तर रिकामं मैदान. रिकामं मैदान दिसलं की नियोजनवाल्याच्या डोळ्यात आरक्षण चमकतं. माझा मुद्दा एवढाच की हद्दीबाहेरच्या शेजारगावांना निदान बैठकीला बोलवा. आमचा ठराव नको, ऐकून तर घ्या.

कशाला
वाचून मजा आली. पण सगळ्यांना विचारत बसलं तर वीस वर्षं विचारण्यातच जातील. हमालाला विचारा, पेशंटच्या नातेवाइकाला विचारा, भोपळ्याला विचारा. २०११ च्या जनगणनेत आपण पाच लाखांच्या वर होतो. कुणाकुणाला विचारणार? शेवटी आराखडा मंत्रालयात ठरतो, आणि मंजूर झाल्यावरही कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. आरक्षण टाकतात, दहा वर्षांत ताब्यात घेत नाहीत, मग मालक कलम १२७ ची नोटीस देतो, दोन वर्षं थांबतो, आरक्षण उडतं. बाग कागदावर, प्लॉट बाजारात. हे सगळं माहीत असून रविवारी एकत्र जमायचं ते कशासाठी? भडंगासाठी?

टिकली
मूळची विश्रामबागची, सध्या पुण्यात. नियोजन शिकलेय आणि अशाच एका सल्लागार कंपनीत काम केलंय, म्हणजे "लेयर लोड केला नाही" म्हणणारी मीच समजा.

कशाला, तुमचा वैताग मला कळतो. पण न विचारण्यानंही वेळ वाचत नाही. मुंबईचं उदाहरण घ्या. २०१५ च्या फेब्रुवारीत २०३४ पर्यंतचं प्रारूप आलं. इतक्या चुका, इतका ओरडा झाला, हजारो हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना ते दुरुस्त करून पुन्हा करायला सांगावं लागलं. सुधारित प्रारूप २०१६ च्या मे महिन्यात आलं. वर्षाहून जास्त काळ गेला. गंमत म्हणजे त्या प्रक्रियेत विषयवार चर्चा झालेल्या होत्या. म्हणजे बैठका घेतल्या म्हणून काम झालं असं नसतं, बैठकीतलं नकाशापर्यंत पोचावं लागतं.

आता पाच लाखांचा प्रश्न. पाच लाखांना विचारायचंच नसतं. वेगवेगळ्या कामांनी शहर वापरणारे लोक शोधायचे. पाण्याशी संबंध असलेले, ओझं वाहणारे, पहाटे झाडणारे, रात्री रिक्षा चालवणारे, घरातून धंदा करणारे, शाळेत पोरं सोडणारे. प्रत्येकातले सहा-सात जण पुरतात, फक्त त्यांच्या जागी आणि त्यांच्या वेळेला जावं लागतं. हमाल दुपारी मार्केट यार्डात बसलेले असतात. बायका नळाचं पाणी येऊन गेल्यावर मोकळ्या होतात. कुपवाडची पहिली पाळी तीनला सुटते, सव्वातीनला गेटबाहेर चहाच्या टपरीवर जा.

आम्ही एका गावात केलेलं सांगते. पडदा, प्रोजेक्टर काही नाही. प्रभागाचा नकाशा मोठा छापून घेतला, देवळाच्या फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांना चपला ठेवल्या. आधी दहा मिनिटं लोक फक्त आपलं घर शोधतात, त्यात घाई करायची नाही. एकदा घर सापडलं की माणूस नकाशावर बोट ठेवून बोलायला लागतो आणि मग थांबत नाही. खुणा करायला स्टिकर संपले, तर एका मावशींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. लाल म्हणजे पाणी तुंबतं, हिरवी म्हणजे मुलं खेळतात, काळी म्हणजे रात्री जायला भीती वाटते. काळ्या टिकल्या एकाच रस्त्यावर रांगेत लागल्या. त्या रस्त्यावर तसं काही नव्हतं, दिवेही होते. विचारलं तर कळलं, दोन्ही बाजूंना कारखान्याच्या लांबलचक भिंती, एक दार नाही, एक खिडकी नाही. हे आमच्या सर्वेक्षणात आलंच नव्हतं, कारण आमची मुलं दिवसा मोटरसायकलवरून गेली होती.

हे नाव तेव्हा घेतलं!

कशाला
आणि त्या काळ्या टिकल्यांचं पुढं काय झालं?

टिकली
अहवालात एक परिच्छेद झाला. नकाशात काही झालं नाही. खोटं कशाला सांगू.

म्हणूनच माझा आग्रह असतो तो नोंदवहीचा. प्रत्येक सूचनेला नंबर, आणि त्यापुढं तीनच रकाने: घेतली की नाही, नकाशात कुठं, नसेल घेतली तर का नाही. ही वही प्रारूपासोबत लोकांना दिसली पाहिजे. "नाही" ऐकायची लोकांची तयारी असते. चहा पाजून पुढं काहीच न कळवणं हे जास्त लागतं. तुमच्या टिपणात फक्त एवढी एक मागणी ठेवलीत तरी मला पुरे.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून थोडं. २०२० ला आमची हद्दवाढ झाली, शाहूपुरी वगैरे भाग नगरपालिकेत आला. नव्या भागातले लोक कालपर्यंत ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला जाब विचारत होते, नगरपालिकेत आल्यावर ती सभाच गेली. शहरातही क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे म्हणतात, २००९ पासून. मी तरी अजून एकाही क्षेत्रसभेला गेलो नाही, कारण झालेली पाहिली नाही. तुमच्याकडं?

पेठेतला
आमच्याकडं फक्त शोकसभा होतात.

जुना_आरेखक
हसलो. पण आता कामाचं बोलू. आयर्विन, तुमच्या टिपणासाठी दोन-तीन गोष्टी. "आमच्या भागाचा विकास व्हावा" असलं एकही वाक्य नको, ते वाचणारा पान उलटतो. नाला कुठून कुठं जातो, कुठं अरुंद झाला, कुठं पाइप टाकून बुजवला, ते सर्व्हे नंबर किंवा ओळखीच्या खुणेसह लिहा. पुराच्या खुणा उंचीसह लिहा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, आवक क्रमांक पडलेला कागद कपाटात का होईना राहतो. इरादा जाहीर झाल्याची नोटीस येईल तेव्हा लगेच द्या, प्रारूपाची वाट बघू नका. नोटिशीत मुदत दिलेली असेल, तीच पाळा, ऐकीव मुदतीवर विसंबू नका. आणि प्रारूप आल्यावर पुन्हा द्या, तोच कागद, वर लिहून की हे आम्ही आधीच दिलं होतं.

रविवारी मी येतो. जुनी स्केलपट्टी आणि फूटपट्टी आणतो.

आयर्विनखाली
काका, तुम्ही आलात तर निम्मं काम झालं.

तर रविवारी साडेचार, कुपवाडकरांची सुट्टी आणि बायकांचं पाणी दोन्ही बघून वेळ ठरवलीय. जागा सभागृह नाही, श्यामरावनगरच्या ताईंची गल्ली. पेठेतल्या दादांनी दोन हमालमामांना आणायचं कबूल केलंय. तंबोरेवाले भाऊ मिरजेतून येतील, त्यांच्या गल्लीची वेगळी बैठक पुढच्या आठवड्यात तिथंच. नकाशाची मोठी प्रत टिकली पाठवतेय. टिकल्यांचं पाकीट ज्यानं त्यानं आपलं आणावं. आणि हो, कशाला, तुम्हीपण या. भडंग आहे.

कशाला
येतो. वहीचे रकाने मी आखतो, माझं अक्षर चांगलं आहे.

श्यामरावनगरची
आज दुपारी मुलाला घेऊन खुणा मोजल्या, रविवारी घाई नको म्हणून. २००५ ची उंबऱ्यापासून दोन फूट सात इंच. २०१९ ची पाच फूट एक इंच. २०२१ ची तीन फूट चार. लिहून ठेवलंय.

काँक्रीट
ताई, एक विचारू? उंबरा २००५ पासून तोच आहे का?

श्यामरावनगरची
नाही हो! २०१९ नंतर जमीन दीड फूट भरून घेतली, उंबरा पण वर घेतला. म्हणजे आधीच्या दोन्ही आकड्यांत दीड फूट मिळवायचा ना?

काँक्रीट
तिन्हींत मिळवा. मोजलंय आत्ताच्या उंबऱ्यापासून, आणि तो दीड फूट वर गेलाय. त्यापेक्षा उंबरा सोडाच, रस्त्यापासून मोजू.

श्यामरावनगरची
रस्ता तर दोनदा वर आलाय. मुरूम टाकला तेव्हा एकदा, मग खडीकरण केलं तेव्हा. आधी घरातून तीन पायऱ्या उतरून रस्ता होता, आता एकच आहे.

जुना_आरेखक
सगळंच हललंय म्हणायचं. ताई, तुम्ही सुरुवातीला एक विहीर म्हणाला होतात. शेतातली, दगडी. तिचा कठडा मूळचाच आहे का?

श्यामरावनगरची
मूळचाच. सासरे लहान असताना त्यावरून उड्या मारून पोहायला शिकलेले. त्याला कुणी हात लावलेला नाही, जाळी फक्त नवीन आहे.

जुना_आरेखक
मग उंची मोजायला तोच धरू. घरापासून विहिरीपर्यंत पाणपातळीची नळी (दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, ती) पोचेल का? साधारण किती अंतर?

श्यामरावनगरची
चाळीसेक पावलं असतील. मधे शेजारच्यांची भिंत आहे, पण त्यांना सांगते मी, त्यांचीपण खूण आहे आत. त्यांनी देवघराच्या खाली केलीय.

कुपवाडी
नळी आमच्या गवंड्याकडं आहे, पारदर्शक, पन्नास फुटी, टप्प्याटप्प्यानं मोजू. घेऊन येतो.